मस्कतचं महिनावार सरासरी तापमान: तक्ता कसा वाचायचा?

तापीकाठ

राम राम मंडळी. ओमानच्या किनाऱ्यावर कामाला निघालेले खान्देशातले लोक एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलतात: "आपण जळगावात ४५ सोसतो, तिथे जूनची सरासरी ४० आहे, मग काळजी कसली?" हा हिशेब चुकतो. कुठे चुकतो ते तक्त्यातूनच दिसतं, म्हणून धागा काढतोय. जाणकारांनी भर घालावी.

मस्कतचे आकडे पूर्ण अंशात देतो. आधी कमाल तापमानाची मासिक सरासरी, मग किमानाची. कोणत्या ३० वर्षांचा काळ धरला त्यावर अर्धा-एक अंश इकडेतिकडे होतो.

जानेवारी २५/१७
फेब्रुवारी २६/१८
मार्च ३०/२१
एप्रिल ३५/२५
मे ३९/२९
जून ४०/३१
जुलै ३९/३०
ऑगस्ट ३६/२८
सप्टेंबर ३६/२८
ऑक्टोबर ३५/२४
नोव्हेंबर ३०/२१
डिसेंबर २७/१९

वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास.

आता जळगाव. जानेवारी साधारण ३०/१२, एप्रिल ४१/२३, मे ४२-४३/२७, ऑगस्ट ३०-३१/२४.

महिन्याचं मध्यमान काढायला कमाल आणि किमान यांची बेरीज करून निम्मी करतात. मस्कतचा जून ३५.५ येतो आणि जळगावचा मे ३४.७ च्या आसपास. नुसतं मध्यमान पाहिलं तर दोन्ही गावं एकाच तव्यावर भाजलेली वाटतात. खरा फरक मात्र कमाल-किमानाच्या अंतरात आहे. जळगावात मे महिन्यात दुपार आणि पहाट यांच्यात १५-१६ अंशांचं अंतर असतं, मस्कतला जूनमध्ये ९-१०. किमान ३१ हा पहाटेचा, म्हणजे अख्ख्या रात्रीतला सगळ्यात कमी आकडा आहे. रात्री अकराला तिथे ३३-३४ असणार. आपल्याकडे गच्चीवर पाणी मारून अंथरूण टाकलं की मध्यरात्रीनंतर झोप लागते. तिथे तो उपाय चालत नाही.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याच्या लांबीची. जूनच्या मध्यापासून आपल्याकडे ढग येतात आणि जुलैत कमाल ३२ वर उतरतं. मस्कतला ढगांची ती सावली नाही. मध्यमान ३० च्या वर असणारे महिने मे ते सप्टेंबर असे सलग पाच, एप्रिल आणि ऑक्टोबर अगदी उंबरठ्यावर.

---

वेधशाळेजवळ

तापीकाठ भाऊ, मांडणी चांगली आहे. एक मुद्दा जोडतो, कारण "४० सरासरी" याचा अर्थ रोज ४० असा घेतला जातो.

मस्कतच्या पाठीशी हजर पर्वत आहे. सर्वोच्च भाग सुमारे ३,००० मीटर. वारा जमिनीकडून आला की हवा डोंगर उतरते, दर १०० मीटरला जवळपास १ अंश तापत खाली येते आणि कोरडीही होते. अशा दिवशी पारा ४५ च्या पुढे जातो, आर्द्रता पार खाली. वारा समुद्राकडून आला की ३६-३७ वरच थांबतो, पण हवा ओलीचिंब. जूनचा ४० हा या दोन तऱ्हांच्या दिवसांची गोळाबेरीज आहे, आणि प्रत्यक्षात तुमच्या वाट्याला बहुतेक वेळा या दोन्हींपैकी एक दिवस येतो. म्हणून तक्ता बघताना मासिक सरासरीबरोबर रोजच्या आकड्यांचा पसाराही बघा.

टोकाचं उदाहरण कुरियातचं. मस्कतच्या आग्नेयेला किनाऱ्यावरचं गाव. २०१८ च्या जूनअखेर तिथे अख्ख्या २४ तासांत पारा ४२.६ च्या खाली आला नाही. दिवसभराच्या किमान तापमानाचा हा जगातला सर्वाधिक नोंदलेला आकडा मानतात. जळगावच्या मे महिन्याची दुपारची सरासरी तिथे रात्रीचं किमान होती.

---

भुसावळ_यार्ड

दोन्ही प्रतिसाद वाचले. तरी शंका आहे. उन्हाने माणसं दगावतात ती आपल्याकडच्या कोरड्या ४६-४७ ला. रेल्वेच्या रुळाजवळ, खडीवर काम करणाऱ्याला विचारा. समुद्राकाठी ३७ आहे, वारा आहे, मग ते जास्त वाईट कसं?

---

वेधशाळेजवळ

भुसावळ भाऊ, कोरडं ४६ धोक्याचं नाही असं कोणीच म्हणत नाही. धोक्याची जात वेगळी आहे. आकड्यात दाखवतो.

जळगाव, मे, दुपारी तीन: हवा ४३, सापेक्ष आर्द्रता १५ टक्के. दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, निघतो ११ च्या आसपास आणि वेट बल्ब (तो काय ते खाली सांगतो) सुमारे २२.

समुद्राची हवा, जुलै: ३७ अंश, आर्द्रता ६५ टक्के. दवबिंदू २९, वेट बल्ब ३१.

थर्मामीटरच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळून त्यावर वारा सोडला की पारा जिथवर उतरतो तो वेट बल्ब. घाम वाळून अंग किती थंड होऊ शकतं याची ती मर्यादा. जळगावच्या हवेत घाम लगेच वाळतो. एक लिटर घाम वाळला की सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. म्हणून आपल्याकडे अंग कोरडं वाटतं आणि किती पाणी गेलं ते कळत नाही. माणूस पाणी कमी पडून कोसळतो. किनाऱ्यावर घाम ओघळून जमिनीवर पडतो. ओघळलेला घाम अंग थंड करत नाही, तरी मीठ-पाणी जातंच. तिथे पाणी भरपूर पिऊनही शरीराचं तापमान चढू शकतं.

वेट बल्ब ३५ ही माणसाच्या सहनशक्तीची सैद्धांतिक सीमा २०१० मध्ये शेरवूड आणि ह्यूबर यांनी मांडली. पुढे अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात निरोगी तरुणांवर प्रयोग झाले. दमट हवेत प्रत्यक्ष सीमा ३०-३१ च्या आसपासच लागली. म्हणजे वर दिलेली जुलैची दुपार त्या रेषेवरच बसते.

आपला हवामान विभागसुद्धा मैदान आणि किनारा यांना एकच माप लावत नाही. उष्णतेची लाट म्हणायला मैदानी केंद्रावर कमाल तापमान निदान ४० तरी लागतं, किनाऱ्यावर ३७ पुरतं. दोन्हीकडे सरासरीपेक्षा ४.५ अंशांची वाढ हवी. मैदानात ४५ गाठलं तर वाढ न बघताही लाट धरतात.

---

एरंडोलकर_ताई

तक्ते उतरवून घेताना होणाऱ्या गफलती सांगते, कारण इंटरनेटवर एकाच गावाचे तीन तक्ते तीन तऱ्हेचे मिळतात.

पहिलं, केंद्र कुठलं ते बघा. विमानतळ, बंदर आणि डोंगरांच्या बेचक्यातली वस्ती यांत मस्कतसारख्या ठिकाणी चांगलाच फरक पडतो. काळे खडक दिवसभर तापतात आणि रात्री ती उष्णता सोडतात.

दुसरं, काही संकेतस्थळं केंद्राच्या नोंदी देतच नाहीत. संगणकी प्रारूपाच्या चौकोनाचा आकडा देतात. चौकोन अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाचा, म्हणजे २५-३० किलोमीटरचा. किनाऱ्यावर तो अर्धा समुद्रात पडतो. मग कमाल प्रत्यक्षापेक्षा कमी आणि किमान जास्त दिसतं. जळगावसाठी तेच संकेतस्थळ बरं चालतं, कारण आजूबाजूला सगळी जमीनच आहे. किनाऱ्यासाठी केंद्राच्या नोंदीच घ्या.

तिसरं, रोजचे आकडे स्वतः उतरवून सरासरी काढणार असाल तर एकक तपासा. जागतिक दैनिक नोंदींच्या 'जीएचसीएन' संचात तापमान दशांशाचा बिंदू न देता लिहितात, ४०४ म्हणजे ४०.४. नोंद नसेल तिथे −९९९९ असतं. ते न काढता सरासरी घेतली तर महिना बर्फाचा निघतो. तेव्हा निदान चूक दिसते तरी. पण रिकाम्या जागी शून्य भरलं गेलं आणि असे दोनच दिवस असले, तर ४० ची सरासरी ३७.३ होते आणि कुणाला संशयही येत नाही.

नोंदी किती गळाल्या तर महिना सोडून द्यायचा याचा जागतिक हवामान संघटनेचा नियम आहे: ११ किंवा जास्त दिवस नसतील, किंवा सलग ५ दिवस नसतील, तर त्या महिन्याची सरासरी काढू नये. जुना नियम याहून कडक होता. वाळूचं वादळ किंवा चक्रीवादळात केंद्र बंद पडलं तर नेमके टोकाचे दिवस गळतात, म्हणून सलग दिवसांची अट महत्त्वाची.

आर्द्रतेची रोजची सरासरी तर वापरूच नका. पहाटे ३१ अंशांना ८५ टक्के आणि दुपारी ४० ला ४५ टक्के यांची सरासरी ६५ येते. ती दुपारच्या ४० शी जोडली तर कधीच नसलेली भयंकर हवा कागदावर तयार होते. दवबिंदू घ्या, तो दिवसभरात फार हलत नाही.

---

साक्रीकर

ताई, पावसाच्या रकान्याबद्दलही हेच लागू. मस्कतच्या जूनमध्ये काही वर्षांच्या सरासरीत पाऊस दिसतो आणि लोकांना वाटतं तिथे मृग बरसतो. जून २००७ मध्ये गोनू चक्रीवादळ आलं, त्याच्या एका फटक्यात पुढची कित्येक वर्षं जूनची सरासरी फुगलेली राहते. वाळवंटी गावाच्या पावसाला सरासरी न घेता मध्यक, म्हणजे सगळ्या वर्षांचे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा, घ्यावा. तो बहुतेक उन्हाळी महिन्यांत शून्य येतो.

बाकी वाळवंट कशाला म्हणायचं याचं कोपेनचं (हवामानाचे प्रकार पाडणारा शास्त्रज्ञ) गणित सोपं आहे. वार्षिक मध्यमानाला २० ने गुणा. वर्षाच्या उन्हाळी अर्ध्या भागात (एप्रिल ते सप्टेंबर) ७० टक्क्यांहून जास्त पाऊस पडत असेल तर २८० मिळवा, पाऊस वर्षभर विखुरलेला असेल तर १४०, हिवाळ्यातच पडत असेल तर काहीच नाही. आलेल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी पाऊस म्हणजे वाळवंट. मस्कत: २८.६ गुणिले २० म्हणजे ५७२, निम्मे २८६. शंभर मिलिमीटर त्याच्या जवळपासही नाही. वार्षिक मध्यमान १८ च्या वर, म्हणून उष्ण वाळवंट. जळगाव: २७ गुणिले २० अधिक २८० म्हणजे ८२०, निम्मे ४१०. पाऊस ७०० च्या आसपास, म्हणजे मध्ये बसतो: उष्ण निमशुष्क. नवापूरकडे पाऊस हजाराच्या वर जातो, ते गाव या हिशेबाने निमशुष्कातूनही बाहेर पडतं. आपल्याच तीन जिल्ह्यांत दोन प्रकार.

---

थंडयंत्र

कूलरचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडचा माणूस परगावी गेला की आधी कूलर शोधतो.

कूलर हवेला वेट बल्बच्या दिशेने नेतो, त्याच्या खाली कधीच नाही. चांगल्या पॅडचा कूलर त्या अंतराचा सुमारे ७५ टक्के भाग कापतो. जळगाव: ४३ आणि २२, अंतर २१, त्याचे ७५ टक्के १५.७५. बाहेर पडणारी हवा २७. मस्त. किनारा: ३७ आणि ३१, अंतर ६, कापणार ४.५. बाहेर ३२.५ ची, जवळजवळ पूर्ण ओली हवा. घाम वाळायचा तोही थांबतो. पाणी मात्र दोन्हीकडे टाकीत भरावंच लागतं. जळगावात ताशी ३,००० घनमीटर हवा फेकणारा कूलर भर दुपारी तासाला २० लिटरच्या वर पाणी पितो, हे पंप आणि टाकी निवडताना लक्षात ठेवा.

किनाऱ्यावर एसीच लागतो, आणि तो निवडतानाही फरक आहे. एसीची क्षमता टी-१ अटीत ३५ अंशांना मोजतात, टी-३ अटीत ४६ ला. आखातासाठी टी-३ चाच कॉम्प्रेसर घ्या. टी-१ वाला गरम दिवशी हाय प्रेशरवर ट्रिप होतो.

त्याहून मोठा भार पाण्याचा. त्या ३७ अंश, ६५ टक्क्यांच्या एक किलो हवेत सुमारे २६ ग्रॅम वाफ असते. खोलीत २५ अंश, ५० टक्के हवं तर १० ग्रॅम. मधले १६ ग्रॅम एसीला पाणी करून काढावे लागतात. ताशी १०० घनमीटर बाहेरची हवा फटींतून आत आली तर पावणेदोन लिटरच्या वर पाणी निघतं. जळगावच्या ४३ अंशांच्या हवेत किलोमागे ८ ग्रॅमच वाफ आहे, म्हणजे खोलीला हवी त्याहूनही कमी. म्हणूनच मे महिन्यात आपल्याकडे एसीची ड्रेन नळी कोरडी दिसते आणि गॅस संपला की काय असं गिऱ्हाईक विचारतं. गॅस तपासायच्या आधी हवेची आर्द्रता बघावी.

किनाऱ्यावर बिघाड कुठे होतो? ड्रेन नळीला उतार कमी असतो, आत शेवाळ धरतं आणि पाणी खोलीत टपकतं. उतार मीटरला किमान १ सेंटिमीटर तरी द्या, आणि नळी वर्षातून दोनदा साध्या पाण्याच्या दाबाने धुवा. बाहेरच्या युनिटच्या पत्र्यांवर खारं आणि धूळ मिळून पापुद्रा बसतो. गोड्या पाण्याने, बंद करून, आतून बाहेर धुवायचं. प्रेशर पंपाचा फवारा जवळून मारला तर ॲल्युमिनियमचे पत्रे आडवे होतात आणि हवा अडते. दारं-खिडक्यांच्या फटी बंद केल्याचा फायदा तिथे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, कारण फट म्हणजे पाणी आत येण्याची वाट.

---

रावेरची_केळी

एक वेगळाच प्रश्न. त्याच ओमानात सलाला आहे, तिथे केळी आणि नारळ होतात. सलालाचंही वर्षाचं मध्यमान कमी नाही आणि पाऊसही वाळवंटाचाच. मग रावेर-यावलची बाग मे महिन्यात पानं फाडून घेते आणि तिथली हिरवी कशी?

---

वेधशाळेजवळ

कारण सलालाचा सगळ्यात गरम महिना मे आहे आणि जुलै-ऑगस्ट वर्षातल्या थंड महिन्यांत मोडतात. नैऋत्य मोसमी वारा तिथल्या किनाऱ्यालगत वाहतो, वरचं गरम पाणी दूर ढकलतो आणि खोलचं थंड पाणी वर येतं. त्यावरून आलेली हवा डोंगराला अडून झिमझिम पाऊस आणि धुकं देते. जुलैत कमाल २७-२८ वरच थांबतं. मस्कत आणि सलाला दोन्ही एकाच देशाच्या किनाऱ्यावर, पण जुलैत दहा-अकरा अंशांचा फरक. मस्कतचा ऑगस्ट जूनपेक्षा थोडा सौम्य दिसतो, त्यातही कोरडे जमिनी वारे कमी होणं हे कारण आहे. ओल मात्र वाढते. पेरूतलं लिमा तर आणखी पुढे: थंड प्रवाहामुळे भर वाळवंटात ऑगस्टचं मध्यमान १६-१७.

केळीचं म्हणाल तर आपल्या बागेला नुसतं ४३ मारत नाही, कोरडा वारा मारतो. मुळं जेवढं पाणी ओढतात त्याहून जास्त पानांतून जातं. म्हणून बांधाला शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ वाऱ्याच्या बाजूने. ते तापमान कमी करत नाही, वाऱ्याचा जोर तोडतं.

---

तापीकाठ

हा मुद्दा विम्याशीही जुळतो. हवामानावर आधारित केळीच्या फळपीक विम्यात महिन्याची सरासरी बघत नाहीत, ठरावीक तापमान सलग किती दिवस राहिलं ते बघतात. पिकाला आणि माणसाला दोघांनाही सलग दिवसच मारतात.

---

दवाखाना_धुळे

कामावर जाणाऱ्यांसाठी थेट उपयोगाचं लिहिते.

उन्हातल्या कामाचं माप डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर). ०.७ गुणिले उघड्यावरचा वेट बल्ब, अधिक ०.२ गुणिले उन्हात ठेवलेल्या काळ्या पोकळ गोळ्यातलं तापमान, अधिक ०.१ गुणिले हवेचं. समजा धुळ्यात २४, ५६ आणि ४३: येतात ३२.३. किनाऱ्यावर ३२, ४८ आणि ३७: येतात ३५.७. हवा सहा अंशांनी कमी असूनही माप सव्वातीन अंशांहून जास्त चढं. सवय झालेल्या माणसाला मध्यम मेहनतीचं काम सलग करायला मर्यादा २८ धरतात. म्हणजे दोन्हीकडे विश्रांतीशिवाय काम चालणारच नाही. किनाऱ्यावर विश्रांती जास्त आणि तीही गार खोलीत हवी. सावलीतली ओली हवा अंगाची उष्णता उतरवत नाही.

खान्देशच्या उन्हाची सवय आहे म्हणून पहिल्या दिवसापासून पूर्ण पाळी करू नका. नव्या माणसाने पहिल्या दिवशी उन्हातल्या कामाचा २० टक्केच वेळ द्यावा, रोज २० टक्के वाढवावा. पूर्ण सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. सुट्टीवर महिनाभर घरी आलात तर ती बरीचशी उतरते, परतल्यावर पुन्हा पायरीपायरीने.

पाणी दर १५-२० मिनिटांना एक पेला, २४० मिलिलिटरच्या आसपास. तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका, रक्तातलं मीठ पातळ होतं. जास्त घाम येत असेल तर एक लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पन्हं चालतं, मीठ घालून. खिशातल्या कांद्याने काही होत नाही.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा: "घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही" हे खोटं आहे. मेहनत करताना उष्माघात होतो तेव्हा अंग घामाने चिंब असू शकतं. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल गेला, की आधी थंड करा: कपडे काढून थंड पाण्याच्या टबात, नसेल तर सतत पाणी ओतून पंख्याखाली. रुग्णवाहिका बोलवा, पण ती येईपर्यंत गार करणं चालूच ठेवा.

ओमानमध्ये जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर, साडेबारा ते तीन. करारात पाळीची वेळ बघून घ्या.

---

भुसावळ_यार्ड

पटलं. कामाच्या जागी वेट बल्ब स्वतः मोजायचा तर साधा मार्ग आहे का? महागडं यंत्र प्रत्येकाकडे नसतं.

---

वेधशाळेजवळ

आहे. एकाच जातीचे दोन थर्मामीटर घ्या, आधी दोन्ही एकाच बादलीत बुडवून सारखं दाखवतात का बघा. फरक असेल तो कागदावर लिहून पुढे वजा करा. एकाच्या फुग्याला पातळ मलमलचा एकच पदर, वात खाली पाण्याच्या बाटलीत. कापड आधी खळ जाईपर्यंत धुवा, नाहीतर पाणी चढत नाही. पाणी डिस्टिल्ड, बॅटरीत घालतात ते. बोअरचं पाणी क्षार सोडतं आणि वेट बल्ब खरा आहे त्याहून जास्त दाखवतो. समुद्राकाठी वातीवर खारं बसतं, म्हणून ती आठवड्याला बदला.

दोन्ही थर्मामीटर पूर्ण सावलीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, भिंतीपासून दूर. छोटा पंखा थेट ओल्या फुग्यावर. दोन-तीन मिनिटांनी वाचायला लागा. आकडा उतरायचा थांबला की तोच घ्यायचा. पंखा नसेल तर एक-दोन अंश जास्त येतो.

वेट बल्ब चढू लागला की मेहनतीच्या कामाच्या पाळ्या तोडा, ३० च्या वर उघड्यावरचं जड काम बंद. नोंद दुपारी बारा, तीन आणि संध्याकाळी सहा अशी तिन्ही वेळा करा. किनाऱ्यावर समुद्राचा वारा आत शिरला की हवा दोन अंशांनी उतरते आणि वेट बल्ब त्याच वेळी चढतो. नुसता थर्मामीटर बघणाऱ्याला तेव्हा वाटतं ऊन सरलं, आणि तो जड काम काढतो.